‘कोणाची?’ आणि ‘कोठली?’ : घटस्फोटानंतरच्या स्थलनिवडीविषयी काही भाषिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

वयाच्या चाळिशीत वा पन्नाशीत विवाहबंधन तुटले आणि पुढील आयुष्य एकट्याने घालवावयाचे ठरले, की जे अनेक प्रश्न उभे राहतात त्यांपैकी पहिला प्रश्न दिसावयास अगदी साधा असतो : आता कोठे राहावयाचे? या प्रश्नाचा विचार समाजशास्त्र, अर्थशास्त्र व कायदा या शास्त्रांच्या अंगाने केला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु या प्रश्नास एक भाषिक अंगही आहे. व्यक्ती निर्णय घ्यावयास बसते तेव्हा तिच्यापुढे असलेले पर्याय तिला भाषेने अगोदरच नावे देऊन ठेवलेले असतात. ज्यास नाव आहे तो पर्याय सहज सुचतो. ज्यास नाव नाही तो सुचावयास, आणि सुचला तरी इतरांस पटवून द्यावयास, कष्ट पडतात. प्रस्तुत लेखात या अंगाचे विवेचन करावयाचे असून उदाहरणासाठी वाशीम जिल्ह्याचा परिसर घेतला आहे.

विवेचन मुख्यतः स्त्रियांविषयी आहे, याचे कारण उघड आहे. आपल्याकडील रूढ विवाहपद्धतीत स्थलांतर स्त्री करते. भारतातील स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हेच असल्याचे जनगणनेवरून वारंवार दिसून आले आहे. विवाह तुटल्यावर पुरुषाचा पत्ता बहुधा बदलत नाही. स्त्री मात्र ज्या गावी राहत असते ते गाव तिने निवडलेले नसते; ते विवाहाबरोबर आलेले असते. म्हणून विवाह संपताच तिच्या त्या गावातील वास्तव्याचे कारणही संपते, आणि आयुष्यात प्रथमच, बहुधा निम्मे आयुष्य संपल्यावर, स्थलनिवडीचा प्रश्न तिच्यापुढे येतो.

२. विच्छेदवाचक शब्द

प्रथम विच्छेद दर्शविणारे शब्द पाहू. ‘काडीमोड’, ‘सोडचिठ्ठी’, ‘फारकत’ हे शब्द मराठीत जुने व लोकव्यवहारातील आहेत. काडीमोडीत पंचांसमक्ष काडी मोडून संबंध तुटल्याची खूण केली जाई. ‘फारकत’ (फारखत) हा शब्द अरबी-फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ मुक्ततापत्र, म्हणजे हक्क वा देणे उरले नाही असे लिहून दिलेला कागद, असा होतो. हे शब्द व्यवहाराचे आहेत. पंच, कागद, साक्ष यांचा त्यांत संबंध येतो. पातकाचा येत नाही. हिंदू विवाह कायद्याने (१९५५) रूढीने चालत आलेला असा विच्छेद आपल्या २९ व्या कलमान्वये मान्य ठेवला, हे येथे लक्षात ठेवावे.

‘घटस्फोट’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. आज कायद्यात, वृत्तपत्रांत व बोलण्यात हाच शब्द रूढ आहे. परंतु धर्मशास्त्रात त्याचा विवाहाशी मुळात संबंध नव्हता. पतित ठरलेल्या माणसास ज्ञातीतून बाहेर टाकण्याचा तो विधी होय. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे. गावाबाहेर आप्तांच्या समक्ष दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडावयाचा, आणि तेथून पुढे त्या माणसाशी भाषण, सहासन व दायभाग या सर्वच बाबतींत तो मृत झाल्याप्रमाणे वागावयाचे, असे ते विधान आहे. प्रायश्चित्त घेतल्यास त्याला परत घेण्याचाही विधी सांगितला आहे. तेथे आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करून नवा घट पाण्यात टाकावयाचा असतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग याच्या लगोलग पुढे येतो. पतित स्त्रीविषयीही हाच विधी करावा. मात्र तिला अन्न, वस्त्र व पाणी द्यावे आणि तिने घराच्या जवळ राहावे, असे तेथे म्हटले आहे. बहिष्कृत पुरुषाने कोठे राहावे याविषयी स्मृतिकार काही सांगत नाही. त्याला दिशा मोकळ्या आहेत. बहिष्कृत स्त्रीचे स्थळ मात्र नेमून दिलेले आहे. ती घरातही नको आणि दूरही नको. या विधानामागे करुणा आहे की नियंत्रण आहे याविषयी मतभेद होऊ शकेल. बहुधा दोन्ही असावीत. पुढे मराठीने विवाहविच्छेदासाठी नेमका हाच शब्द उचलला. आज तो उच्चारणाऱ्याच्या मनात ज्ञातिबहिष्काराची कल्पना नसते, हे खरे. तथापि घटस्फोटितेने भावाच्या घराशेजारी एखाद्या खोलीत राहावे, हा जो तोडगा आजही सहजपणे सुचविला जातो, त्याचे त्या प्राचीन तरतुदीशी असलेले साम्य अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

३. स्थलवाचक शब्द आणि दोन क्रियापदे

स्त्रीच्या निवासस्थानांसाठी मराठीत माहेर, सासर, आजोळ असे नेमके शब्द आहेत. ‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ यापासून, ‘सासर’ हा श्वशुरवाचक शब्दापासून व ‘आजोळ’ हा आजाच्या कुळावरून आला असे मानतात. तिन्ही शब्दांत स्थळ आहे, पण ते नात्याच्या द्वारे आलेले आहे. नाते काढून घेतले की शब्दात काही उरत नाही. स्वतः निवडलेल्या, कोणाच्याही नात्याने न आलेल्या घरासाठी या जातीचा शब्द मराठीत नाही. ‘बिऱ्हाड’ हा शब्द जवळचा आहे, परंतु त्यात तात्पुरतेपणाची छटा आहे; शिवाय ‘बिऱ्हाड करणे’ म्हटले की डोळ्यांपुढे संसार उभा राहतो, एकटी व्यक्ती नव्हे.

‘माहेर’ या शब्दाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. विशीत परत येणाऱ्या मुलीच्या बाबतीत हा शब्द त्याच्या व्युत्पत्त्यर्थाशी जुळतो. घर खरोखरच आईचे असते. पंचेचाळिसाव्या वर्षी परत येणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत आईवडील बहुधा वृद्ध वा दिवंगत असतात आणि घर भावाचे व भावजयीचे झालेले असते. शब्द तोच राहतो. वस्तू बदललेली असते. “माहेर आहे ना तिला!” असे म्हणणारे लोक जुना अर्थ गृहीत धरून बोलतात. तो आता शिल्लक आहे की नाही याची विचारपूस क्वचितच होते. मध्यवयीन घटस्फोटितेच्या स्थलनिवडीत होणाऱ्या घोटाळ्याचे एक कारण या अर्थांतरात आहे असे आम्हांस वाटते.

क्रियापदांकडे वळू. ‘नांदणे’ हे क्रियापद संस्कृत ‘नन्द्’ धातूपासून आले. सुखाने असणे, आनंदाने वसती करणे, हा त्याचा जुना अर्थ असून त्यास लिंगाचे वा विवाहाचे बंधन नव्हते. ‘घरात लक्ष्मी नांदते’, ‘राज्यात शांतता नांदते’ या प्रयोगांत तो अर्थ टिकून आहे. मात्र कर्ता स्त्री असला की आज हे क्रियापद जवळजवळ ‘सासरी पतीसह राहणे’ या एकाच अर्थाला बांधले गेले आहे. ती सासरी नांदते. माहेरी मात्र ती ‘राहते’, किंवा अधिक कठोर प्रयोगात माहेरी ‘बसते’. ‘ती अकोल्यास एकटी नांदते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही कानाला खटकते. विवाहाबाहेर सुखाने वसती करण्यास क्रियापदच उरू नये, ही अर्थसंकोचाची एक लक्षणीय घटना आहे.

शेवटी प्रत्यय. वाशीमकडील खेड्यात नवख्या बाईस विचारला जाणारा प्रश्न दोन प्रकारचा असतो : ‘कोणाची?’ आणि ‘कोठली?’ दोन्हींत प्रत्ययांचे कार्य एकच, संबंध दाखविण्याचे, आणि उत्तरेही एकाच साच्यात येतात. ‘देशमुखांची’ आणि ‘कारंज्याची’ या दोहोंत ‘-ची’ हा प्रत्यय समान आहे. या ‘-चा, -ची, -चे’ च्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. काही ती ‘कृत्य’पासून मानतात, तर काही ‘-त्य’ या संस्कृत प्रत्ययापासून. दुसरे मत ग्राह्य धरल्यास एक मौजेची गोष्ट दिसते. पाणिनीच्या व्यवस्थेत ‘तत्रत्य’, ‘दाक्षिणात्य’, ‘पाश्चात्त्य’ अशा रूपांतील हा प्रत्यय प्रामुख्याने स्थलदिशांशी निगडित आहे. म्हणजे ‘-ची’ आधी स्थळाची होती व मग माणसाची झाली, असे म्हणावे लागेल. व्युत्पत्तीवरून सामाजिक निष्कर्ष काढू नयेत हे पथ्य पाळूनही इतके म्हणता येते की मराठीचे व्याकरण स्त्रीला व्यक्तीची म्हणावयास आणि गावाची म्हणावयास सारखीच मुभा देते. निवड व्यवहार करतो, व्याकरण नव्हे.

आपल्या त्रिपदी नावांतही हाच प्रश्न गोठलेला आहे. मधले नाव वडिलांचे की पतीचे, हे ठरविल्याशिवाय अर्जाचा कागद पुरा होत नसे. यात अलीकडे हळूहळू बदल होत आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये पारपत्राच्या नियमांत सुधारणा होऊन घटस्फोटित व विभक्त अर्जदारांवरील जोडीदाराचे नाव देण्याची सक्ती काढण्यात आली. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव घालणे महाराष्ट्र शासनाने आवश्यक केले आहे.

४. कायद्याने मानलेले ‘राहणे’

कायद्याच्या भाषेतही स्थळ आणि नाते यांची ही गुंतागुंत आढळते. ‘वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन’ या भारदस्त शब्दांनी ओळखला जाणारा दावा मराठी बोलण्यात ‘नांदायला येण्याचा दावा’ होतो, आणि हे भाषांतर मुळापेक्षा अधिक स्पष्ट आहे. दाव्याचा विषय खरोखर स्थळाचाच असतो. विवाह टिकून असताना राहण्याचे ठिकाण कोणी ठरवावयाचे, या प्रश्नावर १९७७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने कैलाश वती खटल्यात पतीच्या बाजूने निर्णय दिला. पत्नी शिक्षिका होती व नोकरीच्या गावी राहत होती. पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने स्वराज गर्ग खटल्यात, कमावत्या पत्नीलाही ठिकाण निवडण्याचा सारखाच अधिकार आहे, असे मत मांडले. विवाहित असताना वादग्रस्त असलेला हा अधिकार घटस्फोटाने निर्विवाद होतो. घटस्फोटाच्या परिणामांची यादी करताना पोटगी व अपत्यांचा ताबा यांचा उल्लेख होतो. या अधिकाराचा मात्र सहसा होत नाही.

माहेरच्या घरावरील हक्काचा इतिहासही उद्बोधक आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६, याच्या २३ व्या कलमानुसार वडिलांच्या राहत्या घरात मुलीस निवासाचा हक्क होता, पण तो अविवाहित, विधवा, पतीने टाकलेली वा पतीपासून विभक्त झालेली अशा मुलींपुरताच. म्हणजे कायद्याने माहेर हे आश्रयस्थान मानले. विपत्ती आल्याशिवाय त्याचे दार उघडत नसे. शिवाय पुरुष वारसांनी वाटणी करावयाचे ठरविल्याखेरीज तिला घराची वाटणी मागता येत नसे. २००५ च्या दुरुस्तीने हे कलम रद्द झाले व मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्या दुरुस्तीच्या वेळी हयात असण्याची अट नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात केला. आश्रय आणि हिस्सा यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. आश्रय घेणारीस तेथेच राहावे लागते. हिस्सा असणारी तो विकून वा भाड्याने देऊन अन्यत्र राहू शकते. माहेरचा हक्क माहेरी परतण्याची सक्ती करीत नाही, ही गोष्ट अनेक सुशिक्षित कुटुंबांतही अद्याप नीट समजलेली दिसत नाही.

दूर गेल्यास न्यायालयाचा मार्ग दुरावेल, ही भीतीही पडताळून पाहावी. २००३ च्या दुरुस्तीनुसार हिंदू विवाह कायद्याखालील अर्ज पत्नी स्वतः राहत असेल तेथील जिल्हा न्यायालयात करू शकते. निर्वाहखर्चाचा अर्जही पत्नी राहत असेल त्या जिल्ह्यात करता येतो. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत होती व १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. या प्रयोजनासाठी ‘पत्नी’ या शब्दात पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेचाही समावेश होतो. मग ‘राहणे’ म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली जागीर कौर खटल्यात त्याचा अर्थ लावला तो असा : धावती भेट म्हणजे राहणे नव्हे, तात्पुरते वास्तव्य मात्र त्यात येऊ शकते, आणि तेथे राहण्याचा हेतू असणे आवश्यक आहे. लोकभाषेतील ‘राहणे’ हेतूविषयी मुके आहे. न्यायालयाने त्यात हेतू घातला. एकट्या स्त्रीच्या वास्तव्याकडे पाहण्याची ही दृष्टी लोकभाषेने उसनी घ्यावी अशी आहे.

५. वाशीम जिल्हा : तीन वर्तुळे

वाशीमची प्राचीन कीर्ती विवाहाशी निगडित असावी, हा एक योगायोग आहे. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी वत्सगुल्म. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष व साहित्यविद्या देशोदेशी फिरत अखेर विदर्भातील याच नगरात गांधर्वविधीने विवाहबद्ध होतात. वत्सगुल्माच्या प्राकृत नावावरून वैदर्भी रीतीस ‘वच्छोमी’ असेही म्हटले गेले. साहित्यविद्येच्या त्या कथेत तिचे सगळे फिरणे काव्यपुरुषाच्या मागोमाग आहे, हे जाता जाता नमूद करावे.

आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा व कारंजा असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६० होती व त्यांपैकी नागरी वस्ती शेकडा १८ हून कमी होती. हा प्रदेश वऱ्हाडचा, म्हणजे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशातील. त्यामुळे मुंबई प्रांताचा १९४७ चा हिंदू घटस्फोट कायदा येथे लागू नव्हता. येथील हिंदूंस विधिलिखित घटस्फोट १९५५ च्या कायद्यानेच प्रथम मिळाला. त्याआधी होती ती रूढी, आणि तीही सर्व जातींत नव्हे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. माहेर मानोरा तालुक्यातील खेड्यात, सासर रिसोडजवळ, वय ४५, मुलगा शिक्षणासाठी बाहेर, शिवणकामाचे वा शिकवणीचे थोडे उत्पन्न, आणि घटस्फोट नुकताच झालेला. हिच्यापुढे स्थळांची तीन वर्तुळे आहेत.

पहिले वर्तुळ माहेरच्या गावाचे. येथे भाडे नाही, आजारपणात माणूस आहे, आणि शेतात हिस्सा असल्यास त्यावर लक्ष ठेवता येते. परंतु येथे ‘कोणाची?’ हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक असते. ती आयुष्यभर अमक्याची मुलगी व अमक्याने सोडलेली अशीच ओळखली जाणार. उत्पन्नाची साधनेही खेड्यात मोजकी. हे वर्तुळ निवडावयाचे असेल तर ते आश्रित म्हणून की हिस्सेदार म्हणून, याचा उलगडा भावांशी आधी कागदावर व्हावा.

दुसरे वर्तुळ जिल्ह्यातील शहरांचे : वाशीम, कारंजा, क्वचित मंगरुळपीर. जिल्हानिर्मितीनंतर वाशीमला कचेऱ्या वाढल्या. अकोला–पूर्णा लोहमार्गावर असल्याने येथून अकोल्याशी व मराठवाड्याशी रेल्वेने संबंध आहे. मार्च २०२३ पासून एस. टी. च्या प्रवासात स्त्रियांना निम्मे भाडे पडते. आईला भेटून संध्याकाळी परतण्याचा खर्च त्यामुळे निम्म्यावर आला आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांना आणखी एक सोय आहे. बदल्यांच्या धोरणात परित्यक्ता व घटस्फोटित शिक्षिकांचा समावेश विशेष संवर्गात करून त्यांना पसंतीच्या ठिकाणी प्राधान्य दिलेले आहे. या वर्तुळातील अडचण अशी की जिल्ह्याचे गाव मोठे असूनही पुरेसे अनोळखी नसते. खोली पाहावयास गेलेल्या बाईस घरमालक ‘कोठल्या?’ असे विचारतो, ती गाव सांगते, आणि त्याचा पुढचा प्रश्न ‘कोणाच्या?’ हाच असतो.

तिसरे वर्तुळ अकोला, अमरावती, नागपूर आणि त्याही पलीकडे पुणे यांचे. येथे उत्पन्नाची शक्यता अधिक, भाडेही अधिक. भाषेच्या दृष्टीने या वर्तुळात एक सीमा पडते. अकोला-अमरावतीपर्यंत तिची वऱ्हाडी बोली कोणाच्या कानावर विशेष येत नाही. ‘मले’, ‘तुले’ यांतील ‘-ले’, ‘ण’च्या ठिकाणी ‘न’, ‘जाऊन राह्यली’ सारखी रूपे तेथेही आहेत. पुण्यास गेल्यावर पहिल्याच वाक्याला तिची बोली ओळखू येते. बोलीमुळे उपहास वाट्यास येतो असा अनुभव अनेकांचा आहे आणि तो खोटा नव्हे. तथापि या ओळखण्यातला प्रश्न बदललेला असतो. तेथे तिला विचारतात, ‘वऱ्हाडातल्या का?’ ती कोणाची हे कोणास ठाऊक नसते आणि बहुधा कोणी विचारीतही नाही. माहेरी जी बोली तिला कुळाशी बांधते, तीच तिसऱ्या वर्तुळात तिला प्रदेशाची करते. हा लाभ की हानी, हे तिच्या स्वभावावर आणि त्या शहरात तिचे म्हणावे असे एखादे माणूस आहे की नाही यावर अवलंबून आहे. साठीनंतर दवाखान्यात सोबत कोण येईल, हा प्रश्न पंचेचाळिसाव्या वर्षीच विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर पहिल्या वर्तुळात सर्वांत सोपे असते.

म्हणून तिन्हींपैकी कोणतेही एक वर्तुळ श्रेष्ठ ठरविण्याचा येथे हेतू नाही. तुलना करताना उत्पन्न, घरभाडे, आप्तांपर्यंतचे अंतर, वैद्यकीय सोय व लोकांची ओळख या पाच गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्यात इतकेच सुचवावयाचे आहे. ‘माहेर’ हा एक शब्द उच्चारला की या पाचही गोष्टी एकदम मिळाल्यासारखे वाटते, आणि प्रत्यक्षात त्यांतील दोनच मिळतात. निर्णय एकदाच व कायमचा घ्यावा असेही नाही. भाड्याने सहा महिने वा वर्षभर राहून पाहणे आणि माहेरचा हिस्सा तोवर न विकणे, हा मार्ग साधा असला तरी त्यात माघारीची सोय राहते.

६. दोन पूर्वदाखले

स्वेच्छेने गाव सोडणाऱ्या स्त्रीचा विचार मराठीला अगदीच नवा नाही. याच वऱ्हाडातील रिद्धपूर (अमरावती जिल्हा) हे महानुभाव पंथाचे केंद्र. श्रीचक्रधरांनी अनुयायांस आपला देश, आपला गाव व विशेषतः आप्तांचा संबंध सोडावयास सांगितले, आणि हा उपदेश स्त्रियांनाही तितकाच लागू होता. आद्य मराठी कवयित्री महदाइसा ही विधवा होती. तिने आपले धवळे रिद्धपूर येथे, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात रचले. तेराव्या शतकातील लीळाचरित्रात मुक्कामाच्या जागेसाठी ‘बिढार’ हा शब्द येतो, आणि तेथे बिढारात उतरणाऱ्या स्त्रीस ती कोणाची हे सांगत बसावे लागत नाही. अर्थात तो मार्ग संन्यासाचा होता. घर करून राहू इच्छिणाऱ्या स्त्रीला तो पुरेसा नाही. परंतु नात्यावाचून स्थळ असू शकते, ही कल्पना मराठीच्या पहिल्या गद्य ग्रंथापासून आपल्याकडे आहे.

दुसरा दाखला डॉ. रखमाबाईंचा (१८६४–१९५५). बालपणी झालेल्या विवाहानंतर पतीकडे जाऊन राहण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ साली दावा झाला. १८८७ मध्ये, पतीकडे जावे अथवा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा हुकूम झाला आणि १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले. लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी मुंबईबाहेर नोकरी पत्करली. आधी सुरत आणि नंतर राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केले. ज्या शहरात त्यांचे नाव एका खटल्याचे नाव होते, ते शहर सोडून परभाषिक गावी त्या गेल्या. तेथे त्यांची ओळख त्यांच्या कामाची होती. निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या. त्यांचे हे परतणे विसरता कामा नये. दूर जाणे म्हणजे कायमचे तुटणे नव्हे, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. मात्र त्यांच्याजवळ पदवी होती. ज्या स्त्रीजवळ ती नाही, तिला तिसऱ्या वर्तुळात ओळख मिळविण्यास अधिक काळ लागेल.

७. समारोप

२०११ च्या जनगणनेत देशभर घटस्फोटितांच्या सुमारे तिप्पट व्यक्ती ‘विभक्त’ म्हणून नोंदल्या गेल्या, आणि दोन्ही गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक होत्या. ज्यांच्या हाती न्यायालयाचा कागदही नाही अशा या मोठ्या वर्गापुढेही स्थलनिवडीचा प्रश्न तितकाच उभा आहे. १९८० नंतरच्या परित्यक्तांच्या चळवळींनी निर्वाहाबरोबर शिधापत्रिका व घर यांचा आग्रह धरला, तो यामुळेच. शिधापत्रिका म्हणजे अखेर एका स्थळी, स्वतःच्या नावाने, राहत असल्याची नोंद होय.

भाषाभ्यासकाने या बाबतीत काय करावे? जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत एकट्या राहणाऱ्या स्त्रियांविषयी कोणती क्रियापदे वापरली जातात, त्या स्वतःविषयी कोणती वापरतात, व या दोहोंत अंतर किती, याची पद्धतशीर नोंद करण्याजोगी आहे. हिंगोलीच्या सीमेवरील गावांत बोली बदलते तसे हे शब्दही बदलतात काय, हेही पाहता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधिकेसाठी हा विषय आवाक्यातला आहे. शब्द गोळा करताना मात्र एक सावधगिरी बाळगावी : विचारणाराने प्रथम ‘कोठल्या?’ असे विचारावे, आणि दुसरा प्रश्न समोरच्या व्यक्तीने स्वतःहून विषय काढल्याखेरीज विचारू नये.